पेठेत शांतता टिकवायची तर चर्चनं नेमकं काय करायचं? (कोल्हापूर)

तरुणसंघ_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दीडशेच्या आसपास कुटुंबं आहेत. नाताळात शेजाऱ्यांकडं फराळाची ताटं जातात. २१ सप्टेंबरच्या शांतता दिनाला सर्वधर्म प्रार्थना होते, पाहुणे येतात, फोटो निघतो. ते चालू राहीलच. पण ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. तशा दिवशी चर्चनं काय करायचं याची आमच्यात काहीच रीत ठरलेली नाही. पास्टोरेट कमिटीपुढं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीपुढं, ठोस आराखडा ठेवायचा आहे.

शांतता समितीत प्रतिनिधी कसा जातो, आणि जाऊन उपयोग काय? गल्लीतले वाद मिटवणं हे चर्चचं काम आहे का? असेल तर कुठले वाद? आणि हे सगळं करताना "माणसं बाटवायला आले" असा संशय येऊ नये म्हणून काय पाळायचं?

बिंदूचौक

समितीचं आधी सांगतो. गणेशोत्सव, मोहरम, ईद, शिवजयंती यांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथं निवडणूक वगैरे नसते. मंडळीच्या लेटरहेडवर पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्यायचा: दोन नावं, पत्ते, मोबाइल नंबर, खाली पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) सही. पोहोच घ्यायला विसरू नका. निरीक्षकांची बदली झाली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून नवे साहेब रुजू झाले की तोच अर्ज परत द्यायचा.

पाळकसाहेबांना प्रतिनिधी करू नका. त्यांचीही बदली होते, आणि चार वर्षांत जुळलेल्या ओळखी त्यांच्याबरोबर गावाबाहेर जातात. इथंच राहणारी, इथंच दुकान किंवा नोकरी असलेली दोन माणसं द्या. त्यातली एक बाई असू दे. तीच दोघं किमान तीन वर्षं जातील असं कमिटीच्या ठरावात लिहा. बैठकीत भाषण करायची गरज नसते. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ, कुठल्या वळणावर गेल्या वर्षी रेटारेटी झाली, कुठल्या कार्यकर्त्याचा शब्द चालतो, एवढं वहीत उतरवून आणलं तरी पुष्कळ.

खरं वजन मात्र तालमींचं, म्हणजे पेठेतल्या जुन्या आखाड्यांच्या मंडळांचं आहे. इथल्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजे हिंदू कार्यकर्ते बसवतात. मोहरम आणि गणेशोत्सव एकदम आले तर गणपती आणि पंजे एकाच छताखाली असतात. ही घडी पिढ्यांची आहे, चर्चनं घालून दिलेली नाही. तिच्यात आपण नम्रपणे जाऊन बसायचं. पंज्यांच्या दिवसांत जा, आरतीला जा, हातात पत्रकं नकोत. दोन वर्षं नुसतं जात राहिलात की तिसऱ्या वर्षी तालमीचा अध्यक्ष स्वतः फोन करतो.

विसर्जनाला प्रथमोपचाराचं टेबल लावता येईल. आपल्या मंडळ्यांत नर्सबाई असतातच, तो वारसा वाया घालवू नका. दोन घडीच्या खाटा, वीस लिटरचे दहा जार, ओआरएसची दोनशे पाकिटं, क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. गर्दीत ते पेल्यात अर्धं अर्धं टाकून देतात, मग मिठाचं प्रमाण वाढतं आणि उलट त्रास होतो. आधीच जारमध्ये मापानं मिसळून ठेवा, वर वेळ लिहा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

आता तणावाच्या दिवसाचं. इंटरनेट बंद झालं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मेलाच, म्हणून साध्या फोनची साखळी आधी बांधून ठेवा. पाच जण वर, प्रत्येकानं पाच जणांना फोन करायचा, त्या पंचवीस जणांनी पुन्हा पाच पाच जणांना. मिळून १५५ घरं होतात, म्हणजे तुमची सगळी मंडळी बसली. निरोप तीन वाक्यांचा, कागदावर लिहिलेला, तोच वाचायचा. स्वतःचं एक वाक्यही जोडायचं नाही. शेवटच्या घरानं वरच्या पाचांपैकी एकाला उलटा फोन करायचा. निरोप बदलला असेल तर तिथंच कळतं. ही साखळी सणाच्या आठवडाभर आधी एकदा चालवून बघा. निम्मे नंबर बदललेले निघतील.

अफवेचं एकच सांगतो. खोटा व्हिडिओ "हा खोटा आहे" असं लिहूनही पुढं पाठवायचा नाही. माणसं व्हिडिओ बघतात, वरची ओळ वाचत नाहीत. स्क्रीनशॉट, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर ठाण्यात द्यायचा आणि थांबायचं. घाईचं असेल तर ११२.

इतिहासवाचक

वरचं सगळं पटलं. पण चर्चनं शांततेचं काम कुठं निभावलं आणि कुठं चर्चच बुडालं, हेही कमिटीपुढं ठेवा, नाहीतर आराखड्यातल्या अटी कशासाठी आहेत ते कळणार नाही.

नागालँड, १९६४. वेगळा देश मागणारे नागा बंडखोर आणि भारत सरकार यांच्यात मध्यस्थी हवी असा पुढाकार तिथल्या बाप्टिस्ट चर्च कौन्सिलनं घेतला. शांतता मंडळात मात्र जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि अँग्लिकन धर्मगुरू मायकेल स्कॉट होते. ६ सप्टेंबर १९६४ ला शस्त्रसंधी लागू झाली. नागा समाज बहुसंख्येनं ख्रिस्ती, चर्चचा शब्द तिथं मोठा, तरी खुर्च्या बाहेरच्यांना दिल्या, कारण दिल्लीला आणि बंडखोरांना दोघांनाही चालतील अशी माणसं हवी होती. बोलणी पुढं फिसकटली, पण गावांना काही काळ श्वास घेता आला.

दुसरं उदाहरण दक्षिण सुदानमधलं. डिंका आणि नुएर या गुराख्यांच्या दोन जमाती वर्षानुवर्षं एकमेकांची गुरं, बायका, मुलं पळवत होत्या. फेब्रुवारी-मार्च १९९९ मध्ये न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेनं वुनलिट गावात त्यांची परिषद भरवली. परिषदेआधी दोन्हीकडचे प्रमुख एकमेकांच्या मुलखात जाऊन आले. "जिवंत परत आलो" ही खात्री पटल्यावरच लोक जमले. सुरुवातीला तिथल्या रीतीप्रमाणं पांढरा बैल बळी दिला गेला. चर्चनं भरवलेली सभा, पण शपथ लोकांच्या रीतीनं, कारण ती मोडायची त्यांना भीती होती. मग एकेका बाजूनं आपलं सगळं दुःख बोलायचं, समोरच्यानं ऐकायचं. शेवटी जो करार झाला त्यात चराई, पाणवठे आणि पळवलेल्या बायकामुलांना परत करणं या गोष्टी होत्या. "आम्ही बंधुभावानं राहू" एवढ्यावर भागवलं असतं तर पहिल्या उन्हाळ्यातच पुन्हा भाले निघाले असते.

आणि रवांडा. १९९४ मध्ये तुत्सी वंशाच्या लोकांचा नरसंहार झाला, तेव्हा माणसं जीव वाचवायला चर्चमध्ये शिरली आणि न्तारामा, न्यारुबुयेसारख्या ठिकाणी तिथंच मारली गेली. न्यांगेच्या चर्चवर बुलडोझर घालण्यात सामील असल्याबद्दल अथनाझ सेरोंबा या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००८ मध्ये जन्मठेप दिली. त्या देशातली बहुतेक माणसं ख्रिस्ती होती, रविवारी चर्च भरायची. जिथं चर्च सत्तेच्या फार जवळ गेलं आणि वंशाच्या प्रश्नावर गप्प राहिलं, तिथं वेदी कुणाला वाचवू शकली नाही. म्हणून आपल्या मंडळीतल्या जातीच्या गोष्टी आधी बघा. लग्नं ठरवताना, स्मशानभूमीत, कमिटीच्या निवडणुकीत जात बघितली जात असेल तर बाहेर सलोख्यावर बोलायला तोंड राहत नाही.

समुपदेशक_ताराराणी

वाद मिटवण्याबद्दल. बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात, तीन पायऱ्या आहेत: आधी दोघांतच बोलणं, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढं. पहिल्या दोन पायऱ्या कुठल्याही धर्माच्या शेजाऱ्यांत चालतात. तिसरी चर्चबाहेरच्या माणसाला कधीच लावायची नाही.

घ्यायचे वाद म्हणजे पार्किंग, नळाचं पाणी, सांडपाणी, स्पीकर, पोरांची मारामारी, दुकानापुढचा कट्टा. दंगलीची पहिली काडी बहुतेकदा असल्याच ठिकाणी पडते, धर्म नंतर चिकटतो. अजिबात न घ्यायचे म्हणजे लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, अ‍ॅट्रॉसिटी, हत्यार निघालेलं भांडण. लहान मुलावरचा अत्याचार कळूनही पोलिसांना न सांगणं हा पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) गुन्हा आहे. "आपसात मिटवू" म्हणणारा पाळक स्वतः आरोपी होऊ शकतो. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर हॉलच्या दारावर लावा.

मध्यस्थ तीन ठेवा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही वस्तीतल्या वादांसाठी तीन जणांचं पॅनेल लिहिलेलं आहे. तिघांतला चर्चचा एकच, एक बाई, एक दोन्ही बाजूंना मान्य असलेला बाहेरचा. वादातली एक बाजू आपल्या मंडळीतली असेल तर पाळकांनी त्यात बसूच नये. त्यांनी कितीही न्यायानं बोललं तरी समोरच्याला ते "त्यांचे" पाळक वाटणार.

पहिल्या दोन बैठका वेगवेगळ्या, प्रत्येकी पाऊण तास, लेखी काही नाही. एकत्र बैठक चर्चमध्ये नको. शाळेचा वर्ग किंवा वाचनालय बरं. बसताना समोरासमोर न बसवता कोनात बसवा. शेवटी एकच पान लिहायचं, दोघांच्या सह्या, तारीख, प्रत दोघांना. त्या पानात काय लिहिता यावर सगळं आहे. "दोन्ही बाजू सलोख्यानं राहतील" हे वाक्य निरुपयोगी. "ढोलाचा सराव सोमवार ते शनिवार संध्याकाळी ७ ते ८, शाळेच्या मैदानात. परीक्षेच्या पंधरवड्यात बंद. तक्रार असेल तर आधी या नंबरवर फोन, ठाण्यात नंतर." असं लिहिलं तर ते पाळता येतं, आणि मोडलं तर दाखवता येतं. स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद हा कायदाच आहे, त्यावर तडजोड मांडू नका. आपल्या कन्व्हेन्शनच्या, म्हणजे चर्चच्या मोठ्या उपासना मेळाव्यांच्या, सभांनाही तोच नियम आधी लावा.

महिन्यानं एक फोन आणि तीन महिन्यांनी एक भेट. ही भेट बहुतेक जण विसरतात, आणि वाद तिथूनच उकरून निघतो.

तरुणसंघ_कोल्हापूर

खूप आभार, सगळ्यांचेच. पुराच्या वेळी हॉल उघडायचा विषयही कमिटीत आहे. त्यातही धर्मांतराचाच प्रश्न येतो. आणि पैसे बाहेरून घ्यावेत का?

राजारामबंधारा

पुरात केलेलं काम पेठ विसरत नाही, तसंच पुरात दुखावलेलं मनही विसरत नाही. म्हणून नियम आधी ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला आलं की हॉल रिकामा करायला घ्या, ४३ ची वाट बघू नका. आश्रयाचा सर्वमान्य हिशेब माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागं एक संडास. चाळीस बाय साठ फुटांच्या हॉलमध्ये साठेक माणसं बसतात. दीडशे घेतली की संडास तुंबतात, भांडणं लागतात, आणि ती भांडणं जातीधर्माची होतात.

जेवण शाकाहारी ठेवा. आश्रितांच्या मुक्कामात हॉलमध्ये उपासना नको. ती मंडळीतल्या घरांत घ्या. जेवणाआधी प्रार्थना लादू नका, ताटाबरोबर पुस्तिका देऊ नका, "येशूनं पाठवलं" म्हणून फोटो काढू नका. आजार्‍यासाठी कुणी प्रार्थना मागितली तरी मुक्काम संपेपर्यंत ती शांतपणे मनातच करावी, असं माझं ठाम मत आहे. धान्यवाटपाची यादी चर्चनं एकट्यानं न करता तालीम, मशिदीची जमात आणि नगरसेवक यांच्याबरोबर बसून करा आणि ती गल्लीत चिकटवा. उघड यादीवर संशय धरायला जागा राहत नाही.

बाहेरचे पैसे म्हणजे परदेशी म्हणत असाल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असलेली संस्थाही तो निधी दुसऱ्या संस्थेकडं वळवू शकत नाही, २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. या कामाला एवढे पैसे लागतही नाहीत. स्थानिक देणगी, पावती पुस्तक, आणि हिशेब फलकावर.

एक राहिलं. ट्रस्टच्या कमिटीत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो अडकला की दोन गट होतात, कोर्टकज्जे लागतात आणि हॉलची किल्ली कुणाकडं यावरूनच वाद पेटतो. नदी ३९ ला आलेली असताना किल्ली सापडायला हवी. तेव्हा आराखड्याबरोबर पहिला ठराव तोच करा: किल्ल्या तीन, त्यातली एक शेजारच्या तालमीत.

बिंदूचौक

किल्लीचा ठराव उत्तम. तालमीला ती देताना पत्र करून द्या, म्हणजे पुढच्या अध्यक्षालाही माहीत राहील. समितीच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, इथंच टाकतो.