विमानांचा ‘ताफा’ म्हणावं का?

अनुवादिका:
विमान कंपन्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मी लिहिलं, ‘जंबो जेटचा जगातला सर्वांत मोठा ताफा एकेकाळी जपान एअरलाइन्सकडे होता.’ मुद्रितशोधनातून ‘ताफा’खाली लाल रेघ आली. शेरा असा, की ताफा चालता असतो: मंत्र्यांच्या गाड्यांचा, अग्निशमन दलाचा. एक विमान टोकियोत, एक होनोलुलूत, एक हँगरमध्ये उघडून ठेवलेलं, तर तो ताफा कसा? शेरा पटला, पण दुसरा शब्द सुचेना. ब्रिटिश एअरवेजने ‘७४७-४००’ जातीची (बोइंग ७४७ म्हणजेच जंबो) ५७ विमानं घेतली, एमिरेट्सने १२३ ‘ए३८०’ घेतली, म्हणजे एअरबसने बांधलेल्यांपैकी जवळपास निम्मी. दर परिच्छेदात तोच शब्द आडवा येतोय.

लालडबा:
रेघ पुसून टाका. ‘एसटीच्या ताफ्यात नव्या बस दाखल’ हे वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय. त्या बस काय रांगेने धावतात? एक गडचिरोलीत, एक सावंतवाडीत. शब्द रुळलाय.

मोडीप्रेमी:
रुळला म्हणून नेमका ठरत नाही. ताफा अरबी ‘ताइफा’वरून आला, म्हणजे टोळी, जथा. मराठीत आधी वाजंत्र्यांचा ताफा, कलावंतिणींचा ताफा. सोबत येणारी, सोबत जाणारी माणसं. मी ‘पागा’ सुचवतो. पागेतलं घोडं सरकारचं, त्यावर बसणारा बारगीर. स्वतःचं घोडं घेऊन येणारा शिलेदार. घोडी मुलुखभर मोहिमेवर असली तरी हिशेब पागेचाच. विमानांचंही तसंच आहे.

नारायणपेठ:
मी हुजूरपागेची विद्यार्थिनी. पेशव्यांची घोडी बांधायची जागा म्हणून ते नाव. म्हणजे पागा ही जागा झाली ना? ‘जंबोंची पागा’ वाचून मला तरी हँगर दिसेल.

मोडीप्रेमी:
ताई, दोन्ही अर्थ आहेत. स्वारांच्या पथकालाही पागाच म्हणत. आपण वापरत नाही म्हणून शब्द मरतात.

लालडबा:
काका, शब्द जगवायला भाषांतर करणारीला कशाला वेठीला धरता? वाचक अडखळला की लेख गेला.

हर्णै:
‘आरमार’ का नको? पोर्तुगीज ‘आर्माडा’वरून आलं म्हणतात, पण आता पुरतं आपलं आहे. जहाजं कुठंही पांगली तरी आरमार एकच.

नारायणपेठ:
आरमाराला दारूगोळ्याचा वास आहे. सुट्टीला निघालेली माणसं घेऊन जाणारं विमान आरमारात कसं बसवणार?

कालिनाकर:
माझे बाबा सांताक्रूझला एअर इंडियात इंजिनिअर होते. कामावर सगळे ‘फ्लीट’च म्हणत, मराठी शब्द कुणी शोधला नाही. पण घरात निराळी भाषा होती. १९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, ‘एम्परर अशोका’. पुढच्यांनाही सम्राटांची नावं: शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य. बाबा जेवताना सांगायचे, ‘आज राजेंद्र चोल उघडलाय, उद्या उशीर होईल.’ आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही. १९८५ च्या जूनमध्ये ते ‘विमान पडलं’ म्हणाले नाहीत. ‘कनिष्क गेला’ म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. ३२९ माणसं होती त्यात. त्यामुळे माझ्या लेखी तो ताफा नव्हे, पागा नव्हे. घराणं होतं.

अनुवादिका:
कालिनाकर, हे वाचून थांबले थोडा वेळ.

दारचाहत्ती:
नामच कशाला हवं? ‘जंबो’ हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचं नाव, १८८२ मध्ये त्याला अमेरिकेतल्या बार्नमने विकत घेतलं. हत्ती असेल तर मराठीत वाक्प्रचार तयार आहे, ‘दारी हत्ती झुलणे’. किंवा सरळ लिहा, ‘जपान एअरलाइन्सने सर्वांत जास्त जंबो पदरी बाळगली.’ पदरी बाळगण्यात मालकीही आली, खर्चही आला. चार इंजिनांचं इंधन परवडेना, कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०११ मध्ये शेवटची जंबो काढली. पदरचं सोडावं लागलं, असंच ते झालं.

लालडबा:
पण देशांतर्गत जवळच्या फेऱ्यांसाठी त्यांनी ‘७४७एसआर’ मुद्दाम बनवून घेतली होती, पाचशेच्या आसपास माणसं बसायची. आपल्या भाषेत ती चक्क एसटीच. म्हणून पुन्हा सांगतो, ताफा!

मोडीप्रेमी:
‘जंबो’ही आता हत्तीचा राहिला नाही. जंबो वडापाव, जंबो कार्यकारिणी, करोनातली जंबो सेंटरं. नुसतं ‘मोठं’ म्हणायला काय हरकत?

कालिनाकर:
‘मोठं’ म्हणून भागत नाही. मी लहानपणी ते विमान जवळून पाहिलंय. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची महिरप काढलेली. वरून गोलाई, खाली दोन टोकं, झरोक्यासारखी. बाबांनी उचलून दाखवली होती.

हर्णै:
महिरप कमानीलाच म्हणतात का? आमच्याकडे केळवणाला ताटाभोवती रांगोळी किंवा फुलं मांडतात, ती महिरप.

नारायणपेठ:
आणि महिरपी कंस? गणितात तोच शिकवला. मूळ ‘मिहराब’, मशिदीतला कमानदार कोनाडा.

मोडीप्रेमी:
हे मात्र बरोबर.

हर्णै:
पण ताटाभोवतीची पूर्ण गोल असते, कमान नसते. आजी पानाच्या वरच्या बाजूलाच काढायची, धाकटी मावशी चारी बाजूंनी. कुणाची खरी?