मदत हवी आहे: २६ दिवस झाले, ब्रॉयलर किलोच्या वर जाईनात, दीप अमावस्या तोंडावर आलीय

भोरची_सूनबाई:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय तर सांभाळून घ्या. आमची ही दुसरी बॅच. पहिली उन्हाळ्यात केली होती, २०० पक्ष्यांची, ती बऱ्यापैकी निघाली म्हणून या वेळी आखाडावर डोळा ठेवून ४०० पिल्लं घेतली, वर ८ फ्री. १३ मेली, आता ३९५ आहेत. शेड २० बाय २२ फूट, खाली भाताचं तूस. दीप अमावस्येला पक्षी ३८ दिवसांचे होतील आणि गावातल्या नि नात्यातल्या दीडेकशे ऑर्डरी मी तोंडी घेऊन बसलेय.

प्रॉब्लेम वजनाचा. सातव्या दिवशी १७० ग्रॅम होती, मी खूश. चौदाव्याला ३९०. एकविसाव्याला ७००, तेव्हाच पोटात गोळा आला. आज बादलीत पाच-पाच घालून ताणकाट्याला लावली तर सरासरी ९८० ग्रॅम. आणि एकसारखी पण नाहीत, एक १३५० चा पैलवान तर शेजारी ६२० चं चिमणं. खाद्य तयार कंपनीचंच आहे, प्रीस्टार्टर मग स्टार्टर. वहीप्रमाणे आत्तापर्यंत १२ गोण्या फोडल्या, बाराव्यातलं १० किलो शिल्लक आहे. लसी वेळेवर झाल्यात, लासोटा, गंबोरो, परत लासोटा. पाऊस आठ दिवस थांबलेला नाही, त्यामुळे चारी बाजूंनी ताडपत्री बांधून टाकलीय. दुकानदार म्हणतो लिव्हर टॉनिक आणि सोबत अँटिबायोटिकचा कोर्स द्या, १४०० रुपये. शेजारच्या काकू म्हणतात उकडलेली अंडी कुस्करून घाला. काय करू? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

अंडेवाला:
ताई, माझंच नाव अंडेवाला असलं तरी सांगतो, अंडी नका घालू :) ३९५ तोंडांना किती पुरणार. भांडी किती आहेत खाद्याची?

भोरची_सूनबाई:
पाच. मागच्या बॅचची तीन होती, दोन नवीन घेतली.

अंडेवाला:
इथंच अर्धं उत्तर आहे. ५० पक्ष्यांना एक भांडं धरतात, तुम्हाला आठ पाहिजेत. पाचात दांडगे आधी खातात, बारके मागं ढकलले जातात आणि रोज अजून बारके होतात. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला येईल अशी टांगा, खाली ठेवलं की उकरून निम्मं तुसात जातं.

कोंबडीपुराण:
हल्ली हार्मोनचं इंजेक्शन दिल्याशिवाय दोन किलो होतच नाहीत म्हणे

निवृत्त_ढोरडॉक्टर:
कोंबडीपुराण साहेब, एकेका पक्ष्याला धरून इंजेक्शन मारायला गडी कुठून आणायचे? वाढ जातीची आहे, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेली. असो.

ताई, तुमच्या आकड्यांत एक गोष्ट जुळत नाही. ५० किलोच्या १२ गोण्यांतलं १० किलो शिल्लक, म्हणजे ५९० किलो खाद्य गेलं. ३९५ पक्ष्यांना भागलं तर प्रत्येकी दीड किलोला थोडं कमी. या वयाला एवढ्या पक्ष्यांनी ७०० ते ७५० किलो संपवायला हवं होतं. आता मला सांगा, पक्षी खात नाहीत का? भांड्यांत शिल्लक राहतं का?

भोरची_सूनबाई:
नाही हो डॉक्टर, भांडी चाटूनपुसून साफ असतात. सकाळी मी भरते, दुपारी नि संध्याकाळी मामंजी भरतात कारण मी अंगणवाडीत असते.

निवृत्त_ढोरडॉक्टर:
मग मधलं दीडशे किलो कुठून येतंय ते बघा. शेडमधे जाऊन ज्या पिंपातून दुपारी खाद्य काढतात त्याच्या तळाशी हात घालून बघा. सासऱ्यांना मात्र लगेच काही बोलू नका.

भोरची_सूनबाई:
आत्ता जाऊन आले. हात घातला तर पिवळा भरडा. मक्याचा. वर गोणीतलं खाद्य, खाली भरडा, आणि भांड्याच्या तळाशी नुसतं पीठ राहिलेलं. मामंजींना चहा देता देता विचारलं, तर म्हणाले, अगं गिरणीतून तीन पोती आणली, ५५ किलोची, बाराव्या दिवसापासून दोन घमेली खाद्यावर एक सपाट घमेलं टाकतोय, गोणी २१५० ची अन भरडा २४ रुपये किलो, तुझेच पैसे वाचवतोय. घरच्या गावठी कोंबड्यांना जन्मभर हेच घातलं, एक मेली नाही. वर हसतायत. मला रडावं का हसावं कळेना. आणि अजून एक, वाकून बघितलं तर दोन-तीन ठिकाणी विष्ठेत तांबडं दिसलं. आधी लक्षातच आलं नव्हतं.

निवृत्त_ढोरडॉक्टर:
सासऱ्यांचा हेतू चांगला होता, हिशोब चुकला. गावठी कोंबडी दिवसभर हिंडते, किडे, गवत, उकिरडा, तिची प्रोटीनची सोय ती करते, आणि तिला वाढायची घाई पण नसते. ब्रॉयलरला भांड्यातलं सोडून काही नाही. स्टार्टरमधे प्रोटीन साधारण २१ टक्के, मक्यात नऊ. ही भेसळ सतरा-साडेसतरावर आली. पोट भरतंय पण अंगाला मांस लागत नाही. त्यात मोठे पक्षी त्यांच्या आवडीचं टिपून घेतात, बारक्यांच्या वाट्याला पीठ.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बहुतेक तयार खाद्यात रक्ती हगवणीविरुद्धचं औषध मोजून मिसळलेलं असतं. भरड्याने तेही पातळ झालं. वर पाऊस, ओलं तूस, बंद ताडपत्री. हा कॉक्सीचा, म्हणजे याच रक्ती हगवणीचा, संशय आहे, पण संशयच, मी लांबून बोलतोय. पुढचा मेलेला पक्षी ताजा असतानाच पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आतडं उघडून बघितलं की पाच मिनिटांत कळतं. मेलेला नसेल तर अगदी मलूल झालेला एखादा न्या. कॉक्सी निघालं तर ते पाण्यातून अँप्रोलियम देतील, त्या दिवसांत व्हिटॅमिनचं टॉनिक बंद ठेवा, त्यातलं बी-१ या औषधाच्या उलट काम करतं. म्हणून दुकानदाराचं १४०० चं पुडकं आत्ता नको. औषध कोणतंही दिलं तरी लेबलवर विथड्रॉवलचे दिवस बघा, तेवढे दिवस गेल्याशिवाय एकही पक्षी कापायला जाता कामा नये. आणि कोणी कोलिस्टिन हातात दिलं तर घेऊ नका, खाण्याच्या जनावरांसाठी ते २०१९ पासून बंद आहे.

सावकाश_घ्या:
मी मावळातला, पावसाचं मी सांगतो. मूठभर तूस घट्ट दाबा. लाडू झाला आणि सोडल्यावर फुटला नाही तर ओलं आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तर रोज काढायचंच. बाकीचं दाताळ्यानं उलथून वर चुना भुरभुरवा, ओलं लगदा झालेलं बाहेर काढून नवीन कोरडं टाका. ताडपत्री वरून खाली सोडलीय ना? उलटं करा, खालून वर बांधा आणि वर फूटभर जागा उघडी ठेवा, वारा पक्ष्यांच्या अंगावर न येता वास निघून जातो. शेडमधे उकिडवं बसा, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला. डोळे चुरचुरले तर त्यांचे दिवसभर चुरचुरतायत.

भोरची_सूनबाई:
लाडू झाला. डोळे पण चुरचुरले. 😔 आता दोन किलो होतील का अमावस्येपर्यंत?

निवृत्त_ढोरडॉक्टर:
खरं सांगायचं तर सगळे नाही होणार. १२ दिवस आहेत, सगळं सुधारलं तर दिवसाला ६०-६५ ग्रॅम. पावणेदोनपर्यंत सरासरी आली तर नशीब समजा. आजच बारके वेगळे करा, जाळी लावून एका कोपऱ्यात, त्यांना त्यांची भांडी. भरडा पूर्ण बंद, चार-पाच दिवस नुसतं स्टार्टर, मग फिनिशर.

अंडेवाला:
आणि दोन किलोचा हट्ट कशाला? दीड किलोचा पक्षी कापला तरी स्किनलेस ९५० ग्रॅम ते किलोभर मिळतं, घरगुती गिऱ्हाईकाला तेच लागतं. बारके हायवेच्या ढाब्यांना विचारा, तंदूरला त्यांना सव्वा किलोच्या आसपासचाच हवा असतो, मोठा सळईवर आतून कच्चा राहतो. हिशोब म्हणून, भरड्याने वाचले ३१०० रुपये, आणि पक्ष्यामागे ३०० ग्रॅम कमी म्हणजे ११८ किलो, जिवंत ११० ने लावा, तेरा हजार. सगळं काही भरड्यानेच गेलं असं नाही, पण मामंजींना हा कागद दाखवा. प्रेमानं.

भोरची_सूनबाई:
अपडेट देते, राहून गेलं होतं. दवाखान्यात कॉक्सीच निघालं. पाच दिवस औषध झालं, सहा पक्षी अजून गेले, मग थांबलं. लेबलवरचे दिवस मोजून भरले, नंतरच पहिला पक्षी कापला. तीन भांडी उधार आणली. अमावस्येच्या आदल्या रात्री खाद्य काढलं, पाणी ठेवलं, सकाळी आठ तासांनी कापायला सुरुवात. मोठ्यांची सरासरी १ किलो ८५०, असे २९० गेले, दोघा गिऱ्हाइकांना आधी सांगितलं होतं दोन किलो म्हणून, त्यांनी तोंड वाकडं केलं पण नेलं. बारके ८४ होते, सव्वा किलोचे, ते एका ढाब्यानं उचलले. उरलेले नातेवाइकांत. फायदा म्हणाल तर फार नाही, पण खाद्याची उधारी फिटली.

उरलेला अर्धा पोतं भरडा मामंजी गावठ्यांना घालतात आणि मी समोर असले की मुद्दाम मोठ्यानं "या गं या, तुमचं तरी कोणी वजन करत नाही" म्हणतात.

आता श्रावणात तर कोणी विचारणार नाही. पुढची पिल्लं कधी टाकू? कोणी म्हणतं गणपती झाल्यावर विकायला येतील अशी टाक, पण मग लगेच पितृपक्ष आणि नवरात्र.

सावकाश_घ्या:
दसऱ्यानंतर विक्री धरा, तिथून ३८ दिवस मागे मोजा. तोपर्यंत शेड रिकामं करून धुवा, चुना मारा, निदान दोन आठवडे कोरडं पडू द्या. आणि पिंपाला कुलूप.