मदत हवी आहे: थॅलेसेमियाच्या मुलासाठी लिव्हरचा ‘टी टू स्टार’ एमआरआय

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले. माझा पुतण्या ११ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार, सतत बाहेरचं रक्त द्यावं लागतं). दर तीन आठवड्यांनी जळगावला रक्त चढवतो, त्या रक्तामुळे अंगात साठणारं लोह उतरवायला डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या चालू आहेत. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) मात्र एका जागी राहत नाही, कधी १८००, कधी ३१००. मध्ये ताप येऊन गेला की आकडा उडी मारतो. डॉक्टर म्हणाले, नुसत्या फेरिटिनवर गोळीचा डोस ठरवणं बरोबर नाही, एकदा लिव्हर आणि हार्टचा टी टू स्टार एमआरआय, म्हणजे तिथे किती लोह साठलंय ते मोजणारा, करून घ्या.

एका सेंटरवर फोन केला तर तिथला माणूस म्हणे, “पोटाचा एमआरआय ना? कॉन्ट्रास्टसह करू, उपाशी आणा.” टी टू स्टार म्हटल्यावर गप्पच झाला. आमच्याकडे केळीची कापणी चालू आहे, भावाला मुंबईची वारी उगाच पडायला नको. कॉन्ट्रास्टचं (फोटो ठळक यावा म्हणून देतात ते) इंजेक्शन खरंच लागतं का? ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन जास्त भारी म्हणतात, ते शोधावं का? आणि सोनोग्राफीत लिव्हर थोडं मोठं एवढंच आलंय, मग एमआरआयमध्ये वेगळं काय कळणार? घरात आजी गूळ-शेंगदाणे बंद करा म्हणून मागे लागलीय, ते वेगळंच.

प्रतिसाद (धुळे)

दादा, माझी मुलगी थॅलेसेमियाचीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या तपासणीत फोटोपेक्षा आकडा महत्त्वाचा. लोह स्वतः दिसत नाही. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारा सिग्नल मशीन पकडतं, आणि जवळ लोह असलं की तो लवकर विझतो. किती मिलिसेकंदांत विझतो, तो टी टू स्टार. म्हणून फेरिटिनच्या उलट वाचायचं: आकडा कमी, तर लोह जास्त. लिव्हरसाठी त्यावरून कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे किती मिलिग्रॅम लोह, ते काढतात. साधारण १.८ पर्यंत नॉर्मल, ७ च्या वर गेलं की काळजी, १५ च्या वर फारच. सोनोग्राफीतून हा हिशेब निघत नाही. पूर्वी यासाठी लिव्हरचा तुकडा काढून तपासायचे.

हार्टचं वेगळं मोजावंच लागतं, लिव्हर बरं म्हणजे हार्ट बरं असं नसतं. तिथे २० मिलिसेकंदांच्या वर असलं तर ठीक, १० च्या खाली धोका. एकाच बैठकीत दोन्ही करून घ्या.

कॉन्ट्रास्ट लागत नाही. मशीन १.५ टेस्लाचंच बघा. लोह खूप साठलेलं असलं तर ३ टेस्लावर सिग्नल इतका झटकन जातो की मोजायला काही उरत नाही. फोनवर रिसेप्शनला विचारू नका, टेक्निशियन किंवा रेडिओलॉजिस्टला गाठा. “मल्टी-एको टी टू स्टार करता का, आणि रिपोर्टमध्ये लिव्हरचं लोह मिलिग्रॅममध्ये देता का?” एवढंच विचारा. मल्टी-एको म्हणजे सिग्नल विझताना तो लागोपाठ अनेकदा मोजणं. ‘लिव्हर काळं दिसतंय’ एवढाच रिपोर्ट मिळणार असेल तर पैसे वाया. जळगाव, धुळे, नाशिक असं विचारत जा, मुंबई शेवटी.

पुढच्या वर्षीही शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना जुळत नाही.

आजींना सांगा, रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर स्वतःहून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. गूळ-शेंगदाण्यांचा त्यात काय पाड! लोहाचं टॉनिक मात्र कुणी कौतुकाने आणलं तरी देऊ नका.

प्रतिसाद (नंदुरबार)

आमच्या पाड्यांवर सिकलसेलची मुलं आहेत, वारंवार रक्त घेणाऱ्यांना हाच प्रश्न येतो. त्यांच्यात दुखण्याचा झटका आला की फेरिटिन वाढतंच, त्यामुळे आकड्यावर भरवसा कमी. भाऊ, पोराला घरीच श्वास रोखायला शिकवा. पंधरा-वीस सेकंद, बोटं मोजत. स्कॅनमध्ये तो हलला की आकडा बिघडतो. गळ्यातला ताईत आणि करदोट्याची पेटी आधीच काढा.

मूळ लेखक

ताई, भाऊ, खूप आभार. टेक्निशियनशी बोललो, मशीन १.५ चं आहे, लिव्हरचं करतात पण हार्टचं सॉफ्टवेअर नाही म्हणे. आता लिव्हर इथे आणि हार्ट दुसरीकडे करावं, की नाशिकला एकदमच? कुणी तिथे दोन्ही केलं असेल तर खर्च किती आला, ते सांगा.