टाऊ मुळात शत्रू नाही

काका, ‘टाऊ हे मेंदूत साठणारं विष’ असं तुम्ही लिहिलंत, त्यात थोडी भर घालते. इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका आजींना अल्झायमर झाला तेव्हा त्यांच्या सूनबाईंनीही मला हेच विचारलं होतं. टाऊ हे प्रथिन निरोगी चेतापेशीतही असतं. १९७५ मध्ये ते सापडलं तेच मुळी सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक नळ्या, जुळायला मदत करणारं प्रथिन म्हणून. जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या या नलिकांवरून कायनेसिन आणि डायनीन ही हमाल प्रथिनं माल वाहून नेतात, आणि अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश पुढे नेणारा लांब धागा, तर कधीकधी मीटरभर लांब! टाऊ प्रामुख्याने अक्षतंतूत, मॅप-२ हे त्याचं भावंड प्रथिन मात्र पेशीकायेत (पेशीच्या मुख्य भागात) आणि शाखिकांत, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांत.

टाऊवर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चढलं की ते नलिकेवरून सुटतं, त्याचे गुंते होतात. पण केवळ टाऊ सुटून नलिका कोसळतात म्हणून पेशी मरते, हे मला पटत नाही. १९९४ मध्ये टाऊविना जन्माला आणलेले उंदीर बऱ्यापैकी धडधाकट निघाले. म्हणजे टाऊ नसण्यापेक्षा ते बिघडणं अधिक घातक असावं. १९९८ मध्ये टाऊच्या जनुकातले दोषच एका आनुवंशिक स्मृतिभ्रंशाचं कारण ठरले, तेही अमायलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या, साठ्याशिवाय.