शब्दचर्चा : पासंड, नास्तिक, समणब्राह्मण आणि लेणं

वाटसरू : गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक म्हणतो, 'सवपासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति'. मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी किंवा धर्मबुडव्या. मग राजा पाखंड्यांना का पूजतो? काही मराठी पुस्तकांत इथे 'सर्व धर्म' असा अर्थ दिलेला असतो, काहींत 'सर्व संप्रदाय'. नेमका कुठला घ्यायचा, आणि शब्दाला वाईट वास कधीपासून लागला?

त्रिरश्मी : 'पंथ' घ्या. 'संप्रदाय'ही चालेल, 'धर्म' मात्र घेऊ नका. त्याच लेखात 'धंम' हा शब्द वेगळा आलेला आहे. तो वागण्याबद्दलचा आहे आणि सगळ्या पासंडांना समान आहे. दोन्हींना 'धर्म' म्हटलं की लेखाचा कणाच मोडतो.

ओळ फोडून बघा. सव = सर्व (ब्राह्मी लेखांत दुहेरी व्यंजन बहुधा एकदाच लिहितात, म्हणून सव्व ऐवजी सव). पवजित = प्रव्रजित, घर सोडलेले. घरस्त = गृहस्थ. म्हणजे पासंडात संन्यासीही आले आणि प्रपंचात राहून त्या पंथाला मानणारेही आले. पुढे राजा सांगतो की त्याला दानापेक्षा आणि पूजेपेक्षा सर्व पंथांची 'सारवढी', म्हणजे साराची वाढ, मोलाची वाटते. तिचं मूळ काय, तर 'वचिगुती', जिभेला आवर. कारण नसताना 'आत्पपासंडपूजा' आणि 'परपासंडगरहा' करू नये. गरहा = गर्हा, निंदा. 'आत्पपासंड' म्हणजे स्वतःचा पंथ. स्वतःच्या पंथाला कोणी पाखंड म्हणणार नाही, तेव्हा शब्द इथे तटस्थ आहे हे याच एका समासावरून ठरतं.

दिल्ली-टोपरा स्तंभावरचा सातवा लेख याला जोडून वाचा. तिथे धम्ममहामात्रांची (धम्माचं काम बघणाऱ्या अशोकाच्या अधिकाऱ्यांची) कामं सांगताना संघ, ब्राह्मण, आजीविक (एक श्रमण पंथ), निर्ग्रंथ (जैन) अशी यादी येते आणि पाठोपाठ 'नाना पासंड'. बौद्ध संघ या यादीत इतरांबरोबरच बसलेला आहे.

कान्हेरी : कलिंगचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखातही 'सवपासंडपूजको' आहे, आणि तो राजा जैन परंपरेतला. त्यामुळे ही एकट्या अशोकाची लकब नव्हे.

पण पालि साहित्यात शब्द पूर्ण तटस्थ नाही, हे नोंदवायला हवं. संयुत्तनिकाय या बौद्ध सुत्तसंग्रहात सीसुपचाला भिक्खुणीला मार (मोहात पाडू बघणारा) विचारतो, तुला कोणाचा पासंड रुचतो? ती म्हणते, कोणाचाच नाही. पासंड ते 'इतो बहिद्धा', इथून बाहेरचे. म्हणजे भिक्षूंच्या तोंडी पासंड इतरांचा, आपलं ते शासन (बुद्धाची शिकवण). राजाच्या तोंडी मात्र आपला आणि परका दोन्ही पासंडच. राजाला सगळ्यांशी सारख्या अंतरावरून बोलायचं होतं आणि त्यासाठी त्याने हा शब्द मुद्दाम सपाट केला, असं मला वाटतं.

पाणिनीय : वाईट अर्थ पक्का झालेला दिसतो तो स्मृतींत. मनुस्मृती ४.३० मध्ये पाषण्डी, विकर्मस्थ, बैडालव्रतिक, शठ, हैतुक आणि बकवृत्ती यांचा शब्दानेही सत्कार करू नये असं आहे. सोबत कोण बसवलेत बघा : मांजरासारखं व्रत करणारा, बगळ्यासारखा ध्यानस्थ. ढोंगाची छटा या शेजाराने आली. मूळ आक्षेप वेदबाह्य असण्याला होता, पुढे बोलीत तो वेदबाह्यपणा पुसट झाला आणि ढोंग तेवढं उरलं. मराठीत संतांच्या काळापर्यंत दोन्ही छटा जिवंत होत्या. तुकोबांच्या 'धर्माचें पाळण । करणें पाषांड खंडण' मध्ये पाषांड म्हणजे धर्माच्या विरुद्ध चाललेलं मत, ढोंगासकट.

पाषंडाचं पाखंड कसं झालं हेही सांगतो, कारण इथे लोक घसरतात. उत्तरेकडच्या उच्चारात ष हा ख सारखा म्हणतात, शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन पठणातही तसंच. त्यामुळे 'पाखंड'. त्यात 'खंड' शोधून 'पा म्हणजे वेदत्रयीचा धर्म, तो खंडित करणारा' अशी व्युत्पत्ती संस्कृत परंपरेतच दिली गेली. ती अर्थ बदलल्यावर रचलेली आहे. अशोकाच्या लेखात तिथे ख नाही आणि खंडनही नाही. 'परिषद्/पार्षद' कडून शब्द आला असावा हे मत मला जास्त पटतं, सभा किंवा गट या अर्थाशी ते जुळतं.

वाटसरू : मग 'श्रमण-ब्राह्मण' या जोडीचं काय? पतंजलीने साप-मुंगसाचं उदाहरण देऊन त्यांचं हाडवैर सांगितलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

पाणिनीय : ते वाक्य दोन ग्रंथांची गोळाबेरीज आहे. सूत्र पाणिनीचं, २.४.९ : 'येषां च विरोधः शाश्वतिकः'. ज्यांचा विरोध कायमचा, त्यांचा द्वंद्व समास एकवचनी नपुंसकलिंगी होतो. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात (इ.स.पू. दुसरं शतक) या नियमाचं उदाहरण म्हणून 'श्रमणब्राह्मणम्' येतं, २.४.१२ वरच्या चर्चेत. 'अहिनकुलम्' आणि 'मार्जारमूषकम्' ही उदाहरणं काशिकावृत्ती या पाणिनीवरच्या नंतरच्या टीकेतली, म्हणजे इ.स. सातव्या शतकातली. मधे आठ-नऊ शतकं गेली. पतंजलीने श्रमण-ब्राह्मणांची साप-मुंगसाशी तुलना केली असं लिहू नये.

विरोध त्याला ठाऊक होता, एवढं मात्र खरं. उदाहरण असं निवडतात की विद्यार्थ्याला समजवावं लागू नये. आता दुसरी बाजू बघा. पालि सुत्तांत तोच समास 'समणब्राह्मणा' (समण = श्रमण) असा अनेकवचनी येतो. 'आदरणीय धार्मिक मंडळी' अशा अर्थाने, दोघं एका पंगतीत. एकच जोडी, आणि वचनावरून कळतं कोण कुठल्या बाजूने बघतोय. व्याकरणाचं उदाहरण म्हणजे दंगलीचा पुरावा नव्हे, तसंच सुत्तातला समास म्हणजे गळाभेटीचाही नव्हे.

त्रिरश्मी : अशोकाकडे क्रम बदलत राहतो. गिरनारला बहुतेकदा ब्राह्मण आधी, इतर काही प्रतींत समण आधी. त्यामुळे क्रमावरून कोण श्रेष्ठ हे काढू नका. ही जोडी आपल्या अंगणातही आहे : सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडलेला तुकडा आठव्या लेखाचा आहे. तो लेख विहारयात्रा, म्हणजे शिकारीच्या सहली, बंद करून धम्मयात्रा सुरू केल्याचा. त्या यात्रेत पहिलं काम समण-ब्राह्मणांचं दर्शन आणि त्यांना दान. १९५६ मध्ये त्याच भागात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

कान्हेरी : 'ब्राह्मण' शब्द बुद्धाने टाकला नाही, त्यावर दावा सांगितला. धम्मपदाचा शेवटचा, सव्विसावा वग्ग (प्रकरण) ब्राह्मणवग्गच आहे. 'न जटाहि न गोत्तेन न जच्चा होति ब्राह्मणो' : जटेने नाही, गोत्राने नाही, जन्माने नाही. इथे ब्राह्मण म्हणजे अर्हत, पूर्ण मुक्त झालेला. त्यामुळे पालि वाचताना प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं की हा जातीचा ब्राह्मण की गुणाचा. सोपी खूण : नाव, गाव, गोत्र आणि शिष्यांची संख्या दिली असेल तर तो समाजातला ब्राह्मण. 'तमहं ब्रूमि ब्राह्मणं', त्याला मी ब्राह्मण म्हणतो, असं पालुपद असेल तर नवा अर्थ.

याहून नेमकं उदाहरण यज्ञाच्या अग्नींचं आहे. श्रौत यज्ञात तीन अग्नी : आहवनीय, गार्हपत्य, दक्षिणाग्नी. अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात उग्गतसरीर नावाचा ब्राह्मण मोठ्या पशुयज्ञाची तयारी करून येतो. बुद्ध त्याला तीन अग्नी मान द्यायला सांगतो. आहुनेय्यग्गि म्हणजे आईवडील. गहपतग्गि म्हणजे बायको, मुलं, दास, कामकरी. दक्खिणेय्यग्गि म्हणजे समण-ब्राह्मण. आणि राग (आसक्ती), दोस (द्वेष), मोह हे तीन अग्नी सोडायला सांगतो. नावं ओळखू येतील इतकी जवळची ठेवली आहेत, आत माणसं बसवली आहेत. 'आहुनेय्य'चं भाषांतर नुसतं 'पूज्य' केलं तर ही सगळी कारागिरी वाया जाते. भाषांतरात 'आहुती देण्याजोगा' ठेवावं.

वाटसरू : आणि नास्तिक? बुद्ध नास्तिक होता असं दोन्ही बाजूंनी म्हणतात, एक निंदेने, एक अभिमानाने.

पाणिनीय : तीन अर्थ आहेत आणि तिन्ही वेगळे ठेवावेत. पाणिनी ४.४.६० 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' : ज्याची मती 'नाही' अशी तो नास्तिक. 'नाही' म्हणजे परलोक नाही, असं टीकाकार समजतात. या अर्थाने बुद्ध नास्तिक ठरत नाही, कारण तो कर्मफळ आणि पुनर्भव मानतो. मनू २.११ 'नास्तिको वेदनिन्दकः' : वेद नाकारणारा. या अर्थाने ठरतो. आजच्या मराठीत देव न मानणारा, हा तिसरा.

कान्हेरी : त्यात भर अशी की बौद्धांनी स्वतः 'नत्थिकवाद' हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरला. बुद्धाच्या काळातला दुसरा आचार्य अजित केसकंबली याचं मत 'नत्थि दिन्नं, नत्थि यिट्ठं, नत्थि हुतं' असं दिलंय : दानाला फळ नाही, यज्ञाला नाही, होमाला नाही. बौद्धांनी हे मत चुकीच्या दृष्टीत घातलं. तेव्हा 'बुद्ध नास्तिक होता' या वाक्यापुढे कोणाच्या व्याख्येने, हे लिहिल्याशिवाय ते वाक्य छापू नये.

वाटसरू : शेवटचं : लेणं. डोंगराचा दागिना म्हणून लेणं, हे बरोबर?

त्रिरश्मी : नाही. अंगावर लेणे या क्रियापदाचा इथे संबंध नाही. हा शब्द पालि 'लेण', संस्कृत 'लयन' यातला : आश्रय, राहण्याची जागा. विनयाच्या (भिक्षूंच्या नियमांच्या) चुल्लवग्गात पाच लेणी परवानगीची सांगितली आहेत : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय, गुहा. पाचांतलं एकच खडकातलं. आपल्याकडे बांधलेले विहार गेले, कोरलेले टिकले, म्हणून शब्द खडकाला चिकटला. कार्ल्याच्या लेखात 'वलुरकेसु लेणवासिनं' म्हटलंय, वलुरकच्या लेण्यांत राहणारे. आणि लिहिताना 'लेणी क्रमांक ३' नको, 'लेणं क्रमांक ३'. लेणी हे अनेकवचन.

ब्राह्मण आणि श्रमण या जोडीला सगळ्यात जवळचा लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यातला. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, जातीने शक. आधी ब्राह्मणांना दिलेली दानं सांगतो : तीन लाख गाई, देव-ब्राह्मणांना सोळा गावं, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण. मग त्याच वाक्याच्या ओघात, त्रिरश्मी डोंगरात हे लेणं कोरवलं आणि पोढ्या खोदवल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं.

हिशोब शेजारच्या लेखात आहे, वर्ष ४२, वैशाख. ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या 'कोलिकनिकायां'त (विणकरांच्या श्रेणींत) ठेवले. २००० वर 'पडिक शत', महिना शेकडा एक. १००० वर 'पायून पडिक शत', शेकडा पाऊण. मुद्दल काढायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यातल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी). बरोबर २४०. उरलेल्या हजाराचं व्याज वर्षाला ९०, ते 'कुशणमूल' म्हणून इतर खर्चाला. इथे दोन चुका नेहमीच्या. एक, कोलिक म्हणजे कोळी समजणं. ते विणकर, संस्कृत कौलिक. दुसरी, व्याज वार्षिक धरणं. मग २० येतात आणि चीवराचा आकडा बसत नाही.

पाणिनीय : 'पायून' हे पादोन, म्हणजे आपलं पाऊण. याच अर्थाने, याच भागात, तेव्हापासून.

कान्हेरी : तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, लेखही हवा, पुळुमावीचं १९वं वर्ष. मुलाला ती 'एकबम्हण' म्हणते, 'खतियदपमानमदन', क्षत्रियांचा दर्प आणि मान उतरवणारा, म्हणते, 'विनिवतितचातुवणसंकर', वर्णांचा संकर थांबवणारा म्हणते. आणि लेणं देते भदावनीय या बौद्ध शाखेच्या भिक्षुसंघाला. 'एकबम्हण'चे दोन अर्थ सांगतात, अद्वितीय ब्राह्मण किंवा ब्राह्मणांचा एकमेव कैवारी. कुठलाही घ्या, दान बौद्धांना आहे. याच घराण्यातल्या राणी नागनिकेच्या नाणेघाट लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेच्या गाई आहेत. म्हणून 'सातवाहन हिंदू की बौद्ध' या प्रश्नाला त्यांच्या भाषेत शब्दच नाही. 'हिंदू' हे नाव तेव्हा सिंधूकडच्या प्रदेशाचं, तेही इराण्यांच्या तोंडी.

त्रिरश्मी : वाटसरू, लिहिताना 'वैदिक यज्ञ करणारे आणि भिक्षुसंघाला दान देणारे' असं सरळ क्रियेने लिहा. लेखात जे केलं म्हटलंय ते सांगा. आणि पासंड मराठीत आणताना पहिल्यांदा 'पासंड (पंथ)' द्या, पुढे नुसतं पंथ. 'पाखंड' कुठेच नको.