उ: नुसत्या डोळ्यांनी किती लांबचं दिसतं?

या प्रश्नाला आधी आलेल्या एका उत्तरात म्हटलंय की दुर्बिणीशिवाय फार तर काही हजार प्रकाशवर्षांपर्यंतचं दिसतं. सुट्या ताऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) राहिली! ती सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि नुसत्या डोळ्यांना दिसते. पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने 964 साली तिची नोंद ‘छोटा ढग’ अशी केली होती.

इंदूरमध्ये राजवाड्याच्या बाजूला राहून मला ती कधीच दिसली नाही, दिव्यांचा उजेडच इतका. नोव्हेंबरच्या अमावास्येला महूच्या पुढे जानापावला गेलो, तेव्हा रात्री नऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर सापडली. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या ताऱ्यांच्या ‘एम’चं जास्त टोकदार अर्धं तिच्याकडे बाणासारखं रोखलेलं असतं. थेट टक लावू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतात. दिसतो तो फक्त पुसट डाग, पण तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपली मानवजात नव्हती. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

याहून लांबचंही एकदा शक्य होतं: 19 मार्च 2008 रोजी भूतप तारकासमूहात सुमारे 750 कोटी प्रकाशवर्षं दूरचा गॅमा किरणांचा स्फोट जेमतेम अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी झाला होता.