मदत हवी आहे : नवी १२ बोअर शॉटगन, तिची निगा आणि नवशिक्याच्या काही शंका

नमस्कार. हवेत फेकलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी शिकायला लागून मला तीन महिने झाले. सुरुवातीला प्रशिक्षकांच्या बंदुकीवर सराव करत होतो. परवान्याचे सगळे सोपस्कार पूर्ण होऊन गेल्या महिन्यात स्वतःची १२ बोअरची, वरखाली नळ्यांची, एकच चाप असलेली शॉटगन हाती आली. सोबत आलेली पुस्तिका दोनदा वाचली, पण शंका कमी होण्याऐवजी वाढल्या, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिली शंका अशी की बंदूक मिटल्यावर तिची वरची कळ, म्हणजे टॉप लीव्हर, मधोमध येत नाही, उजवीकडे कललेली राहते. शिवाय बंदूक उघडायला आणि मिटायला बराच जोर लागतो. प्रशिक्षकांच्या जुन्या बंदुकीची कळ अगदी मध्यरेषेवर असते आणि ती उघडताना हाताला काही जाणवतही नाही. माझ्या बंदुकीच्या जोडणीत दोष राहिला आहे का?

दुसरी शंका चापाची. घरी मी डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसे घालून सराव करतो. पहिल्यांदा चाप ओढला की टक् असा आवाज येतो, पण दुसऱ्यांदा ओढला तर चाप सैल लागतो आणि काहीच होत नाही. रेंजवर मात्र दोन्ही बार उडतात.

तिसरी तेलाची. एक जण सांगतो की नळी कोरडी राहिली की गंजलीच. दुसरा म्हणतो की बंदुका गंजाने कमी आणि तेलाने जास्त बिघडतात. मी सध्या प्रत्येक सरावानंतर आतबाहेर भरपूर तेल फवारतो आणि बंदूक तिच्या फोमच्या कव्हरमध्ये घालून कुलूपबंद कपाटात उभी ठेवतो. परवा दस्त्याचे लाकूड जिथे लोखंडाला भिडते, तिथे काळपट डाग दिसला.

चौथी शंका म्हणजे खांदा आणि गाल सुजतात आणि २५ तबकड्यांपैकी सहा-सात फुटतात. हे नवशिक्याचे सामान्य दुखणे समजावे की बंदूकच मला बसत नाही?

जाता जाता एक किरकोळ गोष्ट. गेल्या खेपेस एका काडतुसाचा बार फुसका निघाला, नुसता फुस्स आवाज झाला आणि धक्का जवळजवळ बसलाच नाही. काडतूस जुने असेल म्हणून मी ते काढून टाकले आणि पुढची तबकडी मागितली. नंतरचे बार नीट उडाले. ती काडतुसे एका परिचितांनी दिली होती. पेटीवर ७६ मिलिमीटर लिहिले आहे आणि माझ्या नळीवर ७० असा आकडा कोरला आहे, पण काडतुसे सहज आत बसली, त्यामुळे फारसा फरक पडत नसावा असे वाटते.

प्रतिसाद १

आपण ज्याला किरकोळ म्हणालात, त्याच परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रात काळजी करण्यासारखे जे काही आहे ते सगळे तिथेच आहे आणि वरच्या चार शंका त्यापुढे खरोखरच किरकोळ आहेत.

फुसका बार म्हणजे काडतुसातली दारू पुरती पेटली नाही. अशा वेळी छर्रे धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी, जिला आपण वॅड म्हणतो, ती नळीच्या मध्येच अडकून राहू शकते. मागून पुढचा बार उडाला की त्याचा वायू या बुचावर आदळतो आणि नळी फुगते किंवा फाटते, आणि नेमका त्याच भागाखाली आपला पुढचा हात असतो. आपला वॅड बाहेर पडला होता म्हणून आज आपण हे लिहीत आहात. यापुढे आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा जाणवला की तबकडी मागायची नाही. नळीचे तोंड रेंजच्या दिशेलाच ठेवून बंदूक उघडावी, दोन्ही काडतुसे काढावीत आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या मागच्या भागाच्या बाजूने उजेडाकडे धरून दोन्ही नळ्या आरपार दिसतात का ते पाहावे. अडथळा दिसला तर तो गजाने काढायचा असतो. दुसरा बार मारून तो उडवून लावण्याचा विचारही मनात आणू नये. आणि चाप ओढल्यावर नुसता टक् झाला, बार उडालाच नाही, तर लगेच उघडू नका, कारण दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान मिनिटभर थांबा आणि मगच उघडा.

आता ७६ आणि ७०. पेटीवर लिहिलेली लांबी ही उडालेल्या काडतुसाची, म्हणजे त्याचे दुमडलेले तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असते, त्यामुळे ७६ चे काडतूस ७० च्या चेंबरमध्ये विनातक्रार बसते आणि माणूस फसतो. बार उडताना मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही, ते चेंबरच्या पुढच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात शिरते आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. आत बसते म्हणून चालते, हा नियम बंदुकीला लावू नये. नळीवर कोरलेला आकडा आणि काडतुसावरचा आकडा प्रत्येक नव्या पेटीच्या वेळी पडताळून पाहावा. याच जातीचा आणखी एक अपघात असा की खिशात चुकून आलेले २० बोअरचे, म्हणजे आकडा मोठा पण जाडी कमी असलेले काडतूस १२ बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते, चेंबर रिकामे दिसते, मागे १२ चे काडतूस घातले जाते आणि नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा याचसाठी पडली.

तेव्हा ती उरलेली काडतुसे बाजूला ठेवा, पुढचा सराव थांबवा आणि बंदूक कारागिराला दाखवून नळीला कुठे फुगवटा आला आहे का ते तपासून घ्या. नळीतून पाहताना आत कड्यासारखी काळी सावली दिसणे ही त्याची एक खूण असते.

आता कळ. नवी वरखाली बंदूक मिटल्यावर कळ उजवीकडे राहणे हे चांगल्या जोडणीचे लक्षण आहे. बंदूक मिटलेली धरून ठेवणाऱ्या कुलपाचे भाग वापराने झिजत जातात तसतशी कळ हळूहळू मध्याकडे सरकते. ती मध्यरेषा ओलांडून डावीकडे गेली तर कारागिराकडे जायचे. जड चालण्याचेही तेच. बहुतेक रचनांत उघडताना घोडे, म्हणजे काडतूस पेटवणारा आघात करणारे भाग, ताणले जातात आणि मिटताना इजेक्टरच्या, म्हणजे उडालेले काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगा दाबल्या जातात, त्यामुळे नवेपणी जोर लागणारच. बिजागरीला ग्रीसचा पातळ थर द्या आणि कृपा करून पॉलिश पेपर हातात घेऊ नका. माझ्या उमेदीच्या काळात मी तो घेतला होता, त्याची आठवण अजून महागात पडते.

चापही निर्दोष आहे. आपल्या बंदुकीत इनर्शिया पद्धतीचा चाप असावा. त्यात पहिल्या बाराच्या धक्क्याने एक छोटे वजन हलते आणि चाप दुसऱ्या घोड्याशी जोडला जातो. डमी काडतुसाला धक्का नसतो, म्हणून दुसरा घोडा पडत नाही. खात्री करायची असेल तर डमी काडतुसे घालून, पहिला टक् झाल्यावर दस्त्याच्या मागच्या रबरावर तळहाताने एक थाप द्या आणि पुन्हा चाप ओढा. हे सगळे ज्या खोलीत खरे काडतूस एकही नाही अशा खोलीतच करावे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. तेलाबद्दल मी लिहितो, कारण तो काळा डाग मी चांगला ओळखतो.

आपण तेल फवारून बंदूक नळी वर करून उभी ठेवता. ते तेल रात्रभरात खाली उतरते, यंत्रणेतून झिरपते आणि दस्त्याच्या लाकडाच्या तोंडात मुरते. असे वर्षभर चालले की तिथले लाकूड मऊ पडते, आणि धक्क्याचा सारा भार घेणारी जागा तीच असल्यामुळे पुढे दस्ता तडकतो. डाग ताजा असेल तर यंत्रणा कोरडी पुसून, लाकडाला शोषक कागद लावून ठेवा. लाकूड नखाने दबत असेल तर कारागीर गाठा. यापुढे साफसफाईनंतर नळ्या वेगळ्या करून, तोंड खाली करून काही तास कागदावर टेकवून ठेवाव्यात. फोमचे कव्हर हे फक्त प्रवासापुरते असते. ते ओलावा धरून ठेवते आणि गंज नेमका कव्हरमध्ये ठेवलेल्या बंदुकीला येतो. कपाटात बंदूक उघडी, कोरडी असावी, जवळ ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत.

साफ करण्याचा माझा क्रम सांगतो. आधी चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, मग बंदूक सुटी करावी. नळीत चेंबरच्या बाजूने सॉल्व्हंटची ओली चिंधी फिरवून काही मिनिटे थांबावे, नंतर फॉस्फर ब्राँझचा ब्रश पाच-सहा वेळा आरपार न्यावा आणि कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवत राहावे. चेंबरच्या पुढे आणि चोकजवळ, म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा फैलाव आवळणाऱ्या अरुंद भागाजवळ, वॅडचे प्लास्टिक पट्ट्यांसारखे चिकटलेले असते, तिथे ब्रश जास्त वेळ लागतो. शेवटी एकाच चिंधीला तेलाचे दोन थेंब लावून ती एकदा फिरवली की पुरे. पुढच्या सरावाआधी तेही कोरड्या चिंधीने काढून टाकावे. आपली बंदूक नवी आहे, त्यामुळे कारखान्यातून लावून पाठवलेले चिकट संरक्षक तेल पहिल्या बाराआधी काढले होते की नाही हेही आठवून पाहा.

सुटे चोक असतील तर ते काढून त्यांचे आटे पुसावेत, ग्रीसचे बोट फिरवावे आणि परत घट्ट बसवावेत. सैल चोक बाराबरोबर नळीचे तोंड खराब करतो, आणि चोक न लावता बार काढला तर नळीतले आटे खराब होतात. बाहेरच्या लोखंडावर हाताच्या घामाचे ठसे राहतात, त्यांना तेलाचा पुसटसा हात लावलेले फडके पुरते.

प्रतिसाद ३

खांद्याबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ७६ मिलिमीटरच्या काडतुसात छर्ऱ्यांचे वजन बहुतेकदा ४० ग्रॅमच्या पुढेमागे असते. ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप आणि स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या दोन प्रकारांना २४ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि २.४ मिलिमीटरचे छर्रे धरले तर तेवढ्यातही सुमारे ३०० छर्रे असतात. ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी फोडायला ते पुरेसे आहेत. म्हणजे आपण विनाकारण जवळजवळ दुप्पट भाराचा मार खात आहात. जड काडतुसांत छर्रेही सहसा मोठे असतात आणि मोठा छर्रा लांब जातो. २.४ मिलिमीटरचा छर्रा सुमारे २०० मीटरपर्यंत पोहोचतो. रेंजच्या मागची मोकळी जागा याच हिशेबाने सोडलेली असते, म्हणून छर्ऱ्याचा आकारही पेटीवर वाचत जा.

सूज नेमकी कुठे आहे ते पाहा. ती दंडावर असेल तर दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर सरकतो आहे. गालावर असेल तर आपण डोके वर ठेवून दस्ता गालाशी शेवटच्या क्षणी आणत असाल, किंवा दस्त्याची लांबी आणि उंची आपल्या अंगाला जुळत नसेल. आधी दस्ता गालाशी आणि मग खांद्याशी, हा क्रम रिकाम्या बंदुकीने आरशासमोर शंभर वेळा करावा. बंदूक बसते की नाही ते प्रशिक्षकांना समोरून पाहू द्या, पण ती उघडी आणि रिकामी असल्याचे दोघांनीही आधी पाहून घेतल्यावरच. दस्ता कापण्याची घाई मात्र करू नका, कापलेले लाकूड परत जोडता येत नाही.

नेमाबाबत एकच विचारतो. आपला प्रबळ डोळा कोणता ते तपासले आहे का? दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू दिसत राहते तो प्रबळ. शॉटगनमध्ये नजर तबकडीवर असते, नळीवरची माशी, म्हणजे तोंडाजवळचा नेमाचा मणी, धूसरच दिसायला हवी, त्यामुळे बंदूक कुठे वळते ते हा डोळाच ठरवतो.

कानांसाठी बोळे आणि वरून मफ असे दोन्ही वापरून पाहा. या बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि दचकून चाप ओढण्याचे निम्मे कारण धक्का नसून तो आवाज असतो, असे माझे मत आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे मान्य करतो. बंदूक कारागिराला दाखवली. दोन्ही नळ्या सरळ आणि फुगवट्याविना आहेत. उरलेली काडतुसे रेंजच्या जबाबदार माणसांकडे सोपवली आणि ७० मिलिमीटरची, २४ ग्रॅमची पेटी घेतली. तळहाताची थाप दिल्यावर दुसरा घोडा पडला. लाकूड अजून टणक आहे. नळ्या आता तोंड खाली करून ठेवतो.

डोळ्याची चाचणी मात्र तीनदा केली आणि तिन्ही वेळा डावा डोळा निघाला. मी उजव्या खांद्यावरून नेम धरतो. आता चष्म्याच्या डाव्या काचेवर पट्टी लावावी की सरळ डाव्या खांद्यावर यावे?

प्रतिसाद ३

सहा-सात तबकड्यांचे कोडे सुटले म्हणायचे. तीनच महिने झाले आहेत, तेव्हा डाव्या खांद्याचा प्रयत्न आधी करा. दोन्ही डोळे उघडे राहतात आणि सवय मोडायला अजून उशीर झालेला नाही. पहिले काही दिवस हात वेडेवाकडे वाटतील. फक्त आपल्या दस्त्याला उजव्या हाताच्या माणसासाठी बाजूला वळण दिलेले असेल, तर डाव्या खांद्यावर तो गालाला उलटा लागेल, म्हणून आधी प्रशिक्षकांकडे सरळ किंवा डावा दस्ता असलेली बंदूक मिळते का ते पाहा आणि तिच्यावर चार फेऱ्या करा. जमलेच नाही तर डाव्या काचेवर नळीच्या रेषेत, नाण्याएवढी धूसर चिकटपट्टी लावा. पूर्ण काच झाकू नका, कारण तबकडी निघताना ती टिपायला दोन्ही डोळे लागतात.